अर्ध्या डोळ्यांची गाडी

"काका, एवढे मोठे झालात तरी खेळण्यातल्या गाड्यांशी का खेळता?"

प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणीचा, सुरभीचा होता. तिनेच मला डिवचलं होतं, विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर मी उचलते. त्यावर आमच्याच वर्गातल्या ऋतुजाने तेल ओतलं, "ही कसली विचारते. हातात माईक असला तरच हिची जीभ चालते." हे मात्र मला झोंबलं. आठवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात 'हजर' म्हणायचे, खरं आहे. पण यंदाच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन मी केलं, मध्येच लाईट गेले तरी माईकशिवाय केलं, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलंय की जगात कोणालाही काहीही विचारता येतं. म्हणून विचारलं.

काका म्हणजे हैबतराव. रोह्याला राहतात, पंचाहत्तरी ओलांडलेली. आधी लष्करात गाड्या दुरुस्त करायचे, मग रोह्यातल्या एका कंपनीत गाड्याच दुरुस्त केल्या, आणि आता घरी बसून गाड्यांच्या लहान प्रतिकृती करतात. पेणला आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, तिथे त्यांना एक टेबल दिलं होतं. टेबलावर रणगाडे, ट्रक, जीप. प्रत्येक वस्तू जेवणाच्या डब्यात मावेल एवढी, आणि प्रत्येक वस्तू मळकी. मला तर आधी वाटलं, आणताना वाटेत पडल्या.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाव?"

"किमया प्रवीण म्हात्रे. नववी अ. हमरापूर."

"हमरापूर म्हणजे गणपतीचा कारखाना?"

"हो."

"मग घरी जा आणि बापाला विचार, एवढा मोठा होऊन मातीशी का खेळतोस."

भोवतीची सगळी पोरं हसली. सुरभी माझ्याच पाठीमागे लपून हसली. मी काढता पाय घेणार एवढ्यात हैबतरावांनी टेबलाखालून एक खोका काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर एका जुन्या चालीच्या गाडीचं चित्र होतं, गोल पाठ, चार दारं, पिवळा चकचकीत रंग. आत बसलेलं कुटुंब बहुतेक समुद्रावर निघालेलं.

"ही जोडायची गाडी आहे," ते म्हणाले. "पण चित्रातल्यासारखी करायची नाही. लढाईतली करायची. अशा साध्या घरगुती गाड्या आमच्या वेळेला साहेब लोकांना फिरवायला घेतलेल्या मी बघितल्यात. एकाहत्तर सालची करून आण. जमली तर दर रविवारी माझ्याकडे बसायला ये, चारदोन जण येतात, तूही शीक. नाही जमली तर खोका परत."

मी त्यांची फिरकी घ्यायला गेले होते आणि खोका घेऊन परत आले. हे बक्षीस की शिक्षा ते मला कळेना. सुरभीने एकच दिवस दप्तर उचललं आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुला फुकटात गाडी मिळाली, आता कसली शर्त."

घरी खोका उघडला तर आत गाडी नव्हतीच. प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटी होत्या आणि त्यांना दारं, चाकं, आरसे, स्टेअरिंग असं सगळं लटकलेलं. बाबा हातातला गणपती पाटावर ठेवून वाकून बघायला लागले.

"ही गाडी हाय की बांगड्याचा काटा?"

"जोडायची असते ती."

"मग आयती का नाय घेतलीस?"

"आयती चालत नाही बाबा. आणि ही चांगली गाडी मला लढाईची करायची आहे."

"म्हणजे बिघडवायची."

"म्हणजे बदलायची."

बाबांनी मान हलवली, जशी ते गिऱ्हाईक चार रंगांचा पितांबर मागतं तेव्हा हलवतात.

आमच्याकडे वर्षभर गणपती असतात. अंगणात कच्च्या मूर्तींच्या रांगा, पडवीत रंगाला घेतलेल्या, आणि आतल्या खोलीत आईच्या पाटासमोर डोळ्यांसाठी थांबलेल्या. मूर्तीचे डोळे काढायचं काम, म्हणजे आखणी, आमच्या घरात फक्त आई करते. डाव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवते, श्वास धरते, आणि शून्य नंबरच्या ब्रशने पापणीची रेघ एका दमात ओढते. मग बुबुळ, मग बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते. लहानपणी मी त्या क्षणाला दाराआड लपायचे, कारण मला वाटायचं, सगळ्यात आधी मीच दिसेन.

आखणीचे आमच्या घरचे दोन नियम आहेत. कच्ची मूर्ती कच्ची म्हणून विकली जाते, त्याचं काही नाही. पण एकदा रंगाला घेतलेली मूर्ती अर्ध्या डोळ्यांनी उंबरा ओलांडत नाही. डोळे व्हायचे असतील तर तोंडावर कागद बांधून ठेवतात. आणि दुसरा नियम, एकदा उघडलेले डोळे कोणी वरून रंग लावून बुजवत नाही. रेघ चुकली तर ओली असतानाच फडक्याने टिपायची. वाळली की ती मूर्ती त्याच नजरेने जगणार. हे नियम कुणी मला शिकवले नाहीत. उंबऱ्यावर बसू नये हे जसं माहीत असतं, तसे ते माहीत आहेत.

तर यंदा ठरलं होतं की मी आखणीला बसायचं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने लवकर निघतात, त्यामुळे काम आत्तापासूनच अंगावर होतं. रोज शाळेतून आल्यावर मी गृहपाठात, म्हणून आई म्हणाली होती, रविवार पुरे. रविवारी सकाळपासून माझ्या शेजारी बस. हे म्हणताना ती हसली होती, आणि आई पाटावर बसलेली असताना सहसा हसत नाही.

त्यामुळे मी हैबतरावांच्या रविवारांबद्दल बोलले तेव्हा सगळ्यांना आखणीचे रविवार आठवले. आई कोलंबी सोलत होती, ती सोलतच राहिली. बाबाच बोलले.

"दर रविवार?"

"दर रविवार."

"रोह्याला?"

"गाडीने तासाच्या आत जाता येतं."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने वर पाहिलं नाही. मग बाबांनी कारखान्यातल्यासारखा तोडगा काढला. "असं कर. तुझी गाडी त्या काकाने पास केली तर रविवार तुझे. नापास केली तर आईच्या शेजारी बसायचं, कुरकुर नाय करायची. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. मला माझी गाडी नापास होईल असं एकदाही वाटलं नाही. सध्या मला माझं काही वाकडं होईल असं वाटतच नाही.

पण मग मी गाडी करायला बसले आणि सगळं उलटसुलट होत गेलं.

जोडणं सोपं होतं. तुकडे कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, चिकटवायचे. ते मी कच्च्या मूर्तीचे सांधे घासते तसंच केलं. गोंधळ सुरू झाला तो पुढे. आमच्या घरात वस्तू पूर्ण झाली म्हणजे ती चकाकली. मुकुट चकाकतो, पितांबर चकाकतो, उंदरालासुद्धा बाबा शेवटचा हात चकाकीचा देतात. आणि मला इथे चकाकी काढायची होती. गाडीचे चंदेरी बंपर, चंदेरी पट्ट्या, सगळं बुजवून मंद हिरवं करायचं होतं.

हिरवा म्हणजे कुठला हिरवा, हे तर कोणालाच ठाऊक नाही. बाबांनी मला सहा हिरवे दाखवले. केळीच्या पानाचा, उंदराच्या झुलीचा, शेल्याच्या काठाचा. नेटवर फोटो पाहिले तर प्रत्येक फोटोत गाडी वेगळ्या रंगाची. एक शेवाळासारखी, एक जवळजवळ खाकी, एक तर काळपट. मी शेवटी हैबतरावांना फोन केला.

"काका, लष्कराचा खरा हिरवा कुठला?"

"उन्हात उभी होती की झाडाखाली?"

"कोण?"

"गाडी."

"मला काय माहीत?"

"मग आधी ठरव," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी ठरवलं, उन्हात. उन्हात विटलेला. शेल्याच्या काठाच्या हिरव्यात पिवळी माती कालवली आणि मारला. बाबा मागून बघत होते.

"धूळ बसल्यासारखा दिसतोय."

"तसाच पाहिजे."

"जन्मभर आम्ही धूळ पुसली," बाबा म्हणाले, "आणि आता पोर विकत घेऊन लावते."

विकत कशाला, धूळ मी धरमतरच्या खाडीवरून आणली, चिखल वाळवून, चाळणीने चाळून. चाकांना, दारांच्या खालच्या कडेला, मागच्या काचेला लावली. टपावर तारेचा कठडा केला, मागे पाण्याचा डबा आणि फावडं बांधलं, पुढच्या मडगार्डवर झेंड्याची काडी रोवली. नंबराच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण काढला, कारण लष्करी गाडीला तो असतो. ऋतुजा बघायला आली होती. तिने गाडी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "हिला खाडीतल्या निवट्या माशांचा वास येतोय. शत्रू वासानेच पळेल."

शेवटी राहिले पुढचे दिवे. त्याबद्दल हैबतरावांनी आपणहून फोन केला. "दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करायचा. विसरू नको. लढाईत रात्री अंधार पाळायचा असतो, वरून विमानाला उजेड दिसता कामा नये. मी दिवेच आधी बघतो."

मी ते जेवताना सगळ्यांना सांगितलं. दिवे अर्धेच ठेवायचे, वरचा भाग काळा, खालचा उघडा. बाबा म्हणाले, त्यांची आई सांगायची, तेव्हा घराघरात खिडक्यांना कागद लावायचे, विडी ओढायची तर पदराआड. आई उठून भाताचा टोप आत ठेवायला गेली होती. तिने ऐकलं की नाही, हे मी तेव्हा बघितलंच नाही. यावर पुढे इतका विचार करावा लागेल हे माहीत असतं तर बघितलं असतं.

दिवे मी शनिवारी काळे केले. शून्य नंबरचा ब्रश आईच्याच डब्यातला. पाटावर गाडी ठेवून लांबून पाहिली तर ती पेंगुळल्यासारखी दिसत होती, आणि थोडी भीतीदायकपण. मला फार आवडली. इतकी आवडली की मी तिचे अकरा फोटो काढले आणि सुरभीला पाठवले. तिने उलट लिहिलं, झोपली आहे का.

रविवारी सकाळी मी आंघोळीला जाताना आई म्हणाली, "खोका मी बांधते. तू बांधशील तर वाटेतच चाकं निघतील." यात काही नवल नव्हतं. मूर्ती बांधण्यात आमच्या आळीत आईचा हात कोणी धरत नाही. मी आंघोळ आणि सोमवारचा गृहपाठ उरकून बाहेर आले तेव्हा खोका तयार होता, आत पेंढा, वर दोरी, दोरीला धरायला फास. आईने माझ्या केसांना तेल लावलं, जे मी नववीत गेल्यापासून लावू देत नाही. त्या दिवशी दिलं.

ऋतुजा सोबत होती. पेणहून रेल्वेगाडी पकडली, खोका मांडीवर. कासूला एक बाई चढली, ती म्हणाली, "गणपती हाय का गो त्यात?" मी म्हणाले, "लष्कराची गाडी." तिने ऋतुजाकडे बघितलं, म्हणजे ही पोर बरी आहे ना. ऋतुजाने मान डोलावली, म्हणजे नाही. नागोठण्यापर्यंत आम्ही हसत होतो.

हैबतरावांचं घर नदीच्या बाजूला आहे. पडवीत लांब टेबल, त्यावर दिवा, भिंग, रंगाच्या बाटल्या, आणि त्या रविवारी आलेली दोन मोठी माणसं, नोकरीवाली, आपापल्या गाड्या घासत बसलेली. हैबतरावांच्या बायकोने, विमलबाईंनी, पाणी दिलं. मी दोरी सोडली. पेंढा बाजूला केला. गाडी काढून दिव्याखाली ठेवली.

आणि सगळ्यांच्या आधी मलाच धक्का बसला.

दिवे उघडे होते. पूर्ण. माझं काळं कुठेच नव्हतं. त्यावर पांढरा आला होता, पांढऱ्यावर तपकिरी बुबुळ, बुबुळात काळी बाहुली, बाहुलीत पांढरा ठिपका. दोन्ही दिव्यांत ठिपका एकाच बाजूला, जसा खऱ्या उजेडात पडतो तसा. वर केसाएवढी बारीक पापणीची रेघ, टोकाला किंचित वर गेलेली. आणि या सगळ्यावर चकाकीचा हात. धुळीने माखलेली, विटक्या हिरव्या रंगाची लढाईतली गाडी, आणि ती हैबतरावांकडे प्रेमाने बघत होती.

त्या दोन माणसांपैकी एक हसत सुटला. मग दुसरा. ऋतुजाने तोंडावर हात धरला पण तिचे खांदे हलत होते. विमलबाई मात्र वाकून म्हणाल्या, "अगोबाई, किती शांत डोळे आहेत."

हैबतराव हसले नाहीत. त्यांनी भिंग घेतलं, गाडी फिरवून फिरवून पाहिली. रंग पाहिला, डबा पाहिला, नंबराची पाटी पाहिली, चाकांवरची धूळ बोटाने चाचपली. "धूळ कुठली?"

"धरमतरची."

"म्हणजे लढाई धरमतरला झाली. बरं." मग त्यांनी भिंग दिव्यांवर आणलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. "हे काय?"

आईने केलं म्हणावं तर आईची तक्रार केल्यासारखं. मी केलं म्हणावं तर मी वेडी. मी म्हणाले, "घरी झालं."

"अशी गाडी घेऊन त्या दिवसांत रात्री कोणी बाहेर पडला असता तर शत्रू लांबच राहिला, आपल्याच लोकांनी दगड घातला असता दिव्यांवर." त्यांनी गाडी माझ्यासमोर ठेवली. "बाकी काम मला चाललं. रंग चालला. दिवे नाही. पण मी काय एवढा कडक नाही. हा ब्रश, हा काळा रंग. अर्धा भाग काळा कर आत्ता माझ्यासमोर, की पास."

म्हणजे दोन फटकारे. माझे सगळे रविवार दोन फटकाऱ्यांवर आले होते, आणि असे फटकारे मी शनिवारीच मारले होते. मी ब्रश घेतला. काळ्यात बुडवला. टोक बाटलीच्या काठावर साफ केलं. डाव्या हाताची करंगळी गाडीच्या नाकावर टेकवली, आणि ती टेकवली तेव्हा मला कळलं की मी ती आईसारखी टेकवली आहे.

हात पुढे जाईना.

मी स्वतःला समजावलं. हे प्लास्टिक आहे. हे दिवे आहेत, डोळे नाहीत. हा गणपती नाही, हिला सोंड नाही, हिच्या मागे फावडं बांधलेलं आहे. पण रंग वाळला होता, वर चकाकी होती, पुसता येणार नव्हतं, वरून बुजवायलाच लागणार होतं. आणि ती बघत होती. ब्रशच्या टोकावरचा काळा थेंब जाड होत होत टेबलावर पडला.

"काय झालं?" हैबतरावांनी विचारलं.

"उघडलेत ते," मी म्हणाले.

"काय उघडलंय?"

"डोळे."

"दिवे," ते म्हणाले, अगदी सावकाश, जसं एखाद्या लहान मुलीला सांगतात. "आण इकडे, मी करतो." त्यांनी ब्रश माझ्या हातातून घेतला आणि गाडीकडे हात नेला, आणि मी गाडी उचलून छातीशी धरली. धुळीचा सगळा पट्टा माझ्या कुर्त्यावर उमटला. मी असं का केलं हे मला त्या क्षणी कोणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं, आणि विचारलंच, ऋतुजाने, सगळ्यांसमोर, "अगो काय करतेस तू?"

"माहीत नाही," मी म्हणाले. स्नेहसंमेलनानंतर मी पहिल्यांदाच हे दोन शब्द बोलले असेन.

हैबतरावांनी ब्रश पाण्यात टाकला. चिडले नव्हते, पण गोंधळले होते, आणि गोंधळलेला माणूस म्हातारा दिसतो. "मग नापास," ते म्हणाले. "खोका मात्र ठेव तुझ्याकडे. परत काय घेऊ."

परतीच्या गाडीत ऋतुजाने बराच वेळ धीर धरला. मग म्हणालीच. "तुझ्या आईने मुद्दाम केलं."

"नाही."

"मग चुकून? चुकून कोण पापण्या काढतं?"

"तिला अर्धे डोळे बघवत नाहीत. आमच्याकडे अर्ध्या डोळ्यांची मूर्ती बाहेर जात नाही."

"तू सांगितलं होतंस ना पण, अर्धेच ठेवायचे म्हणून?"

"सांगितलं होतं. ती टोप ठेवायला उठली होती."

"अख्खी वेळ टोपच ठेवत होती का?"

मी खिडकीबाहेर बघत बसले. मला दोन आया दिसत होत्या. एक, जिने सकाळी खोका बांधायला घेतला, अर्ध्यावर राहिलेले दिवे पाहिले आणि म्हणाली, पोरीला घाई झाली असेल, आपण पूर्ण करून देऊ. दुसरी, जिने सगळं ऐकलं होतं, जिला रविवारी शेजारी कोणीतरी हवं होतं, आणि जिने माझ्या केसांना तेल लावलं. पहिली खरी मानावी तर मला रडू येत होतं. दुसरी खरी मानावी तर राग येत होता, आणि रागाच्या मागून पुन्हा रडूच. आणि दोन्ही आयांनी ती पापणीची रेघ सारखीच सुंदर काढली असती, हे तर आणखीच गोंधळाचं.

घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात मूर्तींना ऊन दाखवत होते. "काय, पास?"

"नापास."

बाबांनी हातातली मूर्ती खाली ठेवली. त्यांना आनंद झाला नाही, हे मी बघितलं, आणि त्याने मला जरा बरं वाटलं. "का? रंग?"

"दिवे."

बाबांनी आतल्या दाराकडे बघितलं. आई दारातच उभी होती. मी खोका उघडला आणि गाडी पडवीच्या कट्ट्यावर ठेवली, तोंड तिच्याकडे करून.

"हे तू केलंस?"

"व्हय."

"अर्धे ठेवायचे असतात हे मी जेवताना सांगितलं होतं. ऐकलं नव्हतंस?"

आईने पदराला हात पुसले. रंग लागलेला नव्हता तरी पुसले. "ऐकलं होतं."

"मग?"

"पेंढ्यात ठेवायला उचलली, आणि असे अर्धे बघून कसंसंच झालं गो. आपल्या घरातून अशी कशी जाणार, असं वाटलं. ब्रश समोरच होता. हात गेला."

"म्हणजे मुद्दाम नाही केलंस. मी रविवारी जाऊ नये म्हणून नाही केलंस."

आईने लगेच 'नाही' म्हणायला हवं होतं. तिने म्हटलं नाही. ती कट्ट्यावर बसली, गाडीच्या शेजारी, आणि तिने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ते मला नाय सांगता येत," ती म्हणाली. "पहिला डोळा काढताना नव्हतं डोक्यात. दुसरा काढताना आलं होतं. तरी काढला. एक काढल्यावर दुसरा ठेवता पण येत नाय ना. आता त्यातलं किती काय होतं, मलाच नाय ठाऊक."

बाबा म्हणाले, "मालू, अगो काय बोलतेस."

"खरं तेच बोलतेय. तिने विचारलं."

मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की गोंधळ संपेल. इथे तर आईच माझ्याएवढी गोंधळलेली निघाली. माझा राग कुठे ठेवावा हे मला समजेना. मी तिच्या शेजारी बसले, मध्ये गाडी.

"काकांनी ब्रश दिला होता," मी म्हणाले. "म्हणाले, आत्ता काळे कर, पास करतो."

"मग?"

"नाही करवले."

आईने मान खाली घातली. "करायचेस गो. गाडीच होती."

"तेच ते पण म्हणाले."

"मग का नाय केलेस?"

"ते मला नाय सांगता येत," मी म्हणाले. आईने चमकून वर पाहिलं, आणि आम्ही दोघी हसलो, फार नाही, थोडंसं. बाबा दोघींकडे आलटून पालटून बघत होते. त्यांची आमच्या घरात कायमच ही गत असते. "आता माझं ऐका कोणीतरी," ते म्हणाले. "शर्त झाली होती. नापास म्हणजे रविवार आईचे. हिने कबूल केलंय."

मी उभी राहिले. उभी राहिले की मला नीट बोलता येतं, हे मला स्नेहसंमेलनापासून कळलंय. रोह्यापासून पेणपर्यंत मी ठरवत आले होते असं मुळीच नाही. बोलायला तोंड उघडलं तेव्हा ठरलं.

"बाबा, शर्त मी हरले, ते मला कबूल आहे. म्हणून उद्यापासून रोज शाळेतून आल्यावर मी आईच्या शेजारी आखणीला बसणार, गृहपाठ नंतर करीन, आणि डोळे शिकल्याशिवाय उठणार नाही. पण रविवारी मी रोह्याला जाणार. काकांनी बोलावलेलं नाही, तरी जाणार. ही गाडी अशीच घरी राहील, हिला कोणी हात लावायचा नाही, मी पण नाही. दुसरी गाडी मी तिथेच त्यांच्या टेबलावर बसून करणार, पहिल्या तुकड्यापासून, आणि तिचे दिवे मी स्वतः अर्धे काळे करून दाखवणार. आणि आई, दर रविवारी ती न्यायचा खोका मी बांधणार."